बिनवासाचा कुटा

अंजनाबाईच्या कुट्याला वास येत नसे, ही गोष्ट वेसाव्यात नाक शाबूत असलेल्या कुणालाही सांगून पटली नसती. कुटा म्हणजे जाळ्यात नको असताना येणारी सगळी बारीकसारीक मासळी. करंगळीएवढी मांदेली, फुटके खेकडे, जवळ्याचा चुरा आणि ज्यांना कुणी नावही ठेवलेलं नाही असले काटेरी जीव. माणूस ते खात नाही, मांजरसुद्धा निवडून खातं. वाळूत पसरायचं, उन्हात कडक करायचं आणि शेताला खत म्हणून विकायचं. पापलेट विकणारी बाई कुटा विकणारीशी बोलताना पदर नाकाला लावते, तो काही वासापायी नसतो.

अंजनाबाई अशा पदरांकडे लक्ष देत नसे. तिचं लक्ष खळ्यावर असे.

किनाऱ्यावरच्या वाळवणीच्या जागेला वेसाव्यात खळं म्हणत. खळ्याचा कागद कुणाकडेच नव्हता. जमातीचा रिवाज एवढाच की ज्याचा माल पसरलेला त्याचं खळं. एक हंगाम रिकामं राहिलं की शेजारीण येऊन बोंबील टांगायचे आपले बांबू तिथं रोवी, आणि रोवलेला बांबू उपटायला कुठलीच देवी खाली उतरत नसे. अंजनाबाईला लागून पार्वतीचं खळं होतं. पार्वती दर हंगामाला एक बांबू हातभर अलीकडे रोवायची आणि अंजनाबाई तो हातभर पलीकडे नेऊन ठेवायची. दोघी हे काम हसतमुखानं करत, आणि मधे एकमेकींच्या तब्येतीचीही चौकशी करत.

नवरा गेल्यावर अंजनाबाईकडे हे खळं तेवढं उरलं होतं. ते गेलं तर अंधेरीच्या बाजारात रांगेच्या शेवटी, गटाराच्या अंगाला, पाटी घेऊन बसायचं. रांगेत आधीपासून बसणाऱ्या झाडून सगळ्या बायकांशी तिची कधी ना कधी भांडणं झालेली होती, म्हणजे जागा मिळाली असती ती गटाराच्याही पलीकडची. चांगली मासळी धरून ठेवायची तिची ऐपत नव्हती, त्यामुळे खळं भरलेलं ठेवायला तिला कुटाच होता. आणि कुटा ट्रक भरून नेणारं गिऱ्हाईक एकच होतं, निफाडकडचा द्राक्षबागाईतदार धोंडिराम नाना.

नाना पहिल्यांदा आला तो गोवा घेतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. धोतर, टोपी, हातात पिशवी, आणि समुद्र आयुष्यात प्रथमच पाहिल्यानं तोंड थोडं उघडं. तीन एकर द्राक्षं. बापानं लावलेली भोकरी जातीची वेल काढून त्यानं त्याच खड्ड्यांत अनाबशाही ही नवी जात लावली होती आणि ती काही जोर धरत नव्हती. कुणीतरी सांगितलं की वेलीला मासळी घाल. वेसाव्यात चौकशी करत तो आला तेव्हा सगळ्यांनी नाक मुरडून अंजनाबाईकडे बोट दाखवलं, आणि त्या एका बोटावर तिचं पुढलं सगळं उभं राहिलं.

पहिला ट्रक गेला त्याची कथा ड्रायव्हरनं पुढं कित्येक वर्षं सांगितली. घाटकोपर येईपर्यंत मागच्या गाड्या मागं राहिल्या होत्या. मुलुंडच्या जकात नाक्यावर कारकून माल बघायला फळीवर चढला आणि न बघताच उतरला. कसाऱ्याला हॉटेलवाल्यानं चहा हातात न देता दगडावर ठेवला. गावात तर धोंडिराम नानाच्या दोघा चुलतभावांनी, ज्यांच्या बागा बांधाला बांध लावून होत्या, माणसं जमवून तमाशा बघितला. एक म्हणाला, नाना, बाग लावतोस की मढं पुरतोस. नानाच्या बायकोनं दोन दिवस अन्न सोडलं. पण आषाढात वेलीवर पानं आली ती थाळीएवढी, आणि माघात घड लागले ते मांडवाच्या तारा वाकवत. चुलतभावांचं हसणं बंद झालं. नाना दुसऱ्या वर्षी खळ्यावर आला ते द्राक्षांची पेटी घेऊन. माल हाच पाहिजे, म्हणाला. फक्त बाई, वास नको.

आता मासळीला वास नको म्हणणं म्हणजे नवरीला सासू नको म्हणण्यातला प्रकार. दुसरी कुणी असती तर हसली असती. अंजनाबाईनं पेटीतलं एक द्राक्ष तोंडात टाकलं, विचार केला आणि नाय येनार म्हणाली.

उपाय नवा नव्हता. मासळीला मीठ लावलं की ती सडत नाही, किडा धरत नाही, आणि घाणही मारत नाही. हे कोळ्याच्या घरात पोर चालायच्या आधी शिकतं. पण ते खायच्या मासळीला. कुट्याला मीठ कोण लावतो? खताला मीठ लावणं हा खुळेपणा, आणि खुळेपणा असल्यामुळेच तसं कुणाच्या मनात येणार नव्हतं. भांडुपच्या मिठागरात हंगाम संपताना तळाची मातकट झाडलोट उरते. चंदर नावाचा एक गाडीवाला ती कातडी कमावणाऱ्यांना पोचवत असे. तो आता वाकडी वाट करून दोन-चार पोती वेसाव्याला टाकू लागला. दुपारी बाया बाजाराला गेल्या, पुरुष जाळ्यांपाशी आडवे झाले, की अंजनाबाई मूठमूठ मीठ कुट्यावर फेकी, जणू अंगणात दाणे टाकते आहे.

त्या वर्षी मुलुंडला कारकुनानं माल तपासला. नाना खूश झाला. मीठ घालता का, असं त्यानं हसत हसत विचारलं होतं. अंजनाबाई म्हणाली, एक खडा नाय, ही आमच्या उन्हाची करामत. नानाला ऊन ठाऊक होतं, समुद्र ठाऊक नव्हता, त्यामुळे समुद्राकाठच्या उन्हावर त्याचा विश्वास बसला.

पुढं अंजनाबाईच्या ध्यानात आलं की मिठानं कुटा जडही होतो. मीठ मासळीपेक्षा स्वस्त आणि काट्यावर सारखंच बसतं. पहिल्यांदा मूठमूठ पडायचं ते वासासाठी होतं. नंतर सूपसूप पडू लागलं ते कशासाठी, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही. धंद्यात काही प्रश्न विचारायचे नसतात, नाहीतर उत्तरं घरात राहायला येतात.

दर फाल्गुनात पेटी येई. अंजनाबाई ती ओट्यावर उघडून बसे आणि पाडा तिच्या दारी येई. वर्षभर पदर नाकाला लावणाऱ्या बायका त्या एका संध्याकाळी तिला अंजनाक्का म्हणत. ती प्रत्येकीला घड तोडून देताना त्या बाईनं वर्षभरात काय काय म्हटलं होतं ते आठवे आणि त्या हिशेबानं घड लहानमोठा करी. पार्वतीला नेहमी देठाकडची सुटी द्राक्षं.

नाना पेटीबरोबर जमिनीची बातमीही आणी. त्याला दुसरं बोलायचं काही नसेच. आधी कौतुक होतं, मग हळूहळू तक्रार. एकाच बाईनं तीस वर्षं एकाच चुलीवर रांधावं तशी ती जमीन बापाच्या वेळेपासून एकच पीक काढत आली होती. बापाच्या वेळी वेलीच्या बुडाशी हात घातला तर मनगटापर्यंत जाई, आणि मुठीत माती कमी, गांडुळं जास्त येत. आता पहार मारली तर पहार वाजते. फवारलेलं मोरचूद पानांवरून ठिबकून ठिबकून मांडवाखाली निळसर कवच धरलेलं. पाणी दिलं तर ते जिरत नाही, ताटातल्या आमटीसारखं वर उभं राहतं. मेलेल्या वेलीच्या खड्ड्यात नवी काडी लावली तर ती वर्षभर जगते, मरायला दुसरं वर्ष लागतं. आणि पानांच्या कडा जळतात, कुणी विडीनं चटके दिल्यासारख्या.

दरवेळी त्याचा निष्कर्ष एकच असे. जमीन भुकेली आहे, बाई. कुटा वाढवा.

अंजनाबाई वाढवी.

एका वर्षी तो म्हणाला की उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरं फुटतं, पिठूर चांदण्यासारखं दिसतं. तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला. असं पांढरं तिनं मालाडकडच्या खाजणात जन्मभर पाहिलं होतं. खाजणातलं भात खारं पाणी शिरलं की कसं जातं, आणि चार पावसाळे धुतल्याशिवाय ती जमीन कशी माणसात येत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं नानाकडे पाहिलं, मग खळ्याकडे पाहिलं. पार्वतीचा बांबू त्या वर्षी दोन हात अलीकडे आला होता. मोठा पाऊस झाला की जाईल, ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. फक्त त्यानंतर बहात्तर साल आलं आणि निफाडकडे मोठा पाऊस काही आला नाही. विहिरींचा तळ दिसला, तळातलं जड पाणी वेलींना पाजलं गेलं, आणि जमिनीत जे साठलं होतं ते वर आलं.

चौऱ्याहत्तरच्या फाल्गुनात नाना आला तेव्हा हातात पेटी नव्हती. पंच्यात बांधलेली माती होती. त्यानं गाठ सोडून ती ओट्यावर ठेवली. ढेकूळ खापरासारखं, वर पांढरी साय. शेतकी खात्याच्या माणसानं माती तपासली होती. त्यानं दुखणी बरीच सांगितली, म्हणजे एकाच पिकाची वर्षं, विहिरीचं पाणी, मोरचूद. पण सगळ्यात वर मीठ. खत कसलं घालता, असं विचारलं आणि मासळी म्हटल्यावर तो हसला. त्या हसण्याचं नानाला फार लागलेलं दिसत होतं. निम्मे वेल वाळले होते. चुलतभाऊ घरी येऊन गेले होते आणि जमीन मातीमोलानं मागून गेले होते.

"कागदावर माझा भरवसा नाही," नाना म्हणाला. "तुमच्यावर आहे. मीठ घालता का, एवढं सांगा. नसाल घालत, तर देवीची आण घ्या आणि मुलाची घ्या. मग मी त्या साहेबाच्या तोंडावर जाऊन थुंकतो आणि आजच ट्रक भरतो."

अंजनाबाईचा मुलगा गुणाजी त्या दिवशी होडीवर होता. पोर दर्यावर असताना खोटी आण घेणं म्हणजे होडीच्या बुडाला स्वतःच्या हातानं भोक पाडणं, हे वेसाव्यात कुणाला समजावावं लागत नाही. आण घेतली तर पोर जाणार. घातलं म्हणून सांगितलं तर गिऱ्हाईक जाणार, पाठोपाठ खळं जाणार. अंजनाबाईनं दोन्ही बाजू तोलून पाहिल्या आणि काटा मधेच उभा राहिलेला पाहून ती म्हणाली, नाना, उन्हातून आलात, आधी चहा घ्या.

चहा करायला ती आत गेली आणि जाताना सुनेला हाक मारून घेऊन गेली.

सून म्हणजे प्रेमा. मनोरीची. लग्न होऊन तिसरं वर्ष सरत होतं, अजून मूलबाळ नव्हतं, आणि ही गोष्ट अंजनाबाई आठवड्यातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकू जाईल अशी बोलून दाखवी. लग्नानंतर मीठ टाकायचं काम प्रेमाकडे आलं होतं. तिच्या बोटांची टोकं मिठानं फुटलेली असत आणि आमटी कालवताना ती डाव्या हातानं कालवी. दोघी चुलीपाशी बसल्या. सासूनं आवाज खाली आणला.

"भाईर जाऊन सांग, मीठ मी टाकत होते. सासूला ठावं नव्हतं. आळस येतो म्हनून टाकत होते, सारखं परतायला लागू नये म्हनून."

प्रेमाला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, "आण तुला मागतो तो."

"कबुलीला आण लागत नाय गो. नाय म्हननाऱ्याला लागते."

"पन मी तीन वर्सांमागं आले, आय. त्याची जमीन बारा वर्सांची खराब हाय."

"तो काय बोटं मोजतोय? चार शिव्या खाशील, सांजला इसरशील. नाय तर हे खळं जाईल आनि मी बाजारात बसेन. मी बसले तर तू माझ्या मागं पाटी घेऊन उभी. कुठं जानार दुसरीकडं?"

चहाला उकळी आली. प्रेमा उठली ती घाबरून उठली की हिशेब पटून, हे सांगता येत नाही. बहुधा तिला तिथं एक संधी दिसली असावी. तीन वर्षांत सासूनं तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि ज्याच्याकडे काही मागावं लागतं त्याला घरात थोडी जागा मिळते असा तिचा समज होता. तिनं कपबशी नानापुढं ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि सासूनं सांगितलं होतं ते सगळं, आळसासकट, सांगून टाकलं. वर एक वाक्य स्वतःचं घातलं. माफी करा, म्हणाली.

अंजनाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. तो इतका वेळेवर पडला की तिला स्वतःलाच बरं वाटलं.

नानानं प्रेमाकडे पाहिलं. शिव्या दिल्या नाहीत. चहा बशीत ओतून, फुंकून, सावकाश पिऊन संपवला. मग बशी पालथी ठेवत म्हणाला, माल तुमच्याकडूनच घेईन, बाई, आज पण घेईन. पण या मुलीचा हात माझ्या खताला लागता कामा नये. ही या खळ्यावर दिसली तर मी परत येणार नाही.

प्रेमा सासूच्या तोंडाकडे पाहत होती. अंजनाबाई भावात कधी एक शब्द ऐकून घेत नसे. गिऱ्हाइकानं दहा म्हटलं की ती चवदा म्हणायची आणि बारावर भांडत भांडत यायची. इथं तिनं घासाघीस केली नाही. बरं, म्हणाली. त्याच दुपारी प्रेमा बोचकं घेऊन तरीवर बसली, मढला उतरली आणि तिथून चालत मनोरीच्या वाटेला लागली. ट्रक त्याआधी भरून झाला होता. भरायला तिनंच हात लावला होता, तेवढं नानानं न पाहिल्यासारखं केलं.

गुणाजी रात्री परत आला आणि जेवायला बसला. बायको कुठं असं त्यानं विचारलं. आईनं सांगितलं, काय घडलं ते नाही, काय ठरलं ते. त्यानं मांदेलीतला काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि आणखी भात मागितला.

पाड्यानं ही गोष्ट नीट वाटून घेतली. ज्या बायकांना त्या फाल्गुनात द्राक्षं मिळाली नव्हती त्यांना निदान हे मिळालं. बारा वर्षांची खराबी तीन वर्षांच्या सुनेच्या पदरात बसत नाही, हे प्रत्येकीला कळत होतं. बोटांवर मासळी मोजणाऱ्या बायका त्या, त्यांना कसं कळणार नाही? पण मोजून दाखवलं तर अंजनाबाईशी भांडण, आणि न मोजता बोललं तर नुसती करमणूक. पार्वती तर विहिरीवर म्हणाली की पोरीच्या हातातच खार आहे, म्हणून तर कूस उजवत नाही. हे बोलणं तरीवरून मनोरीला पोचलं आणि तिथं वाळवणीच्या दिवसांत प्रेमाला कुणी आपल्या मासळीला हात लावू देईना. बापाच्या घरात ती भांडी घाशी. गुणाजी वर्षभरात एकदा गेला, जत्रेला. तिच्याशी तो काय बोलला ते कळलं नाही. फार काही नसावं.

अंजनाबाईनं त्या हंगामात मीठ बंद केलं का? काही दिवस केलं. कुट्यात किडे झाले, माशांनी खळं काळं झालं, पार्वतीनं जमातीच्या पाटलाकडे तक्रार नेली. मग चंदरची गाडी पुन्हा येऊ लागली.

पुढल्या फाल्गुनात नाना आला. या वेळी अंगात नवा सदरा होता आणि चेहरा एखादं कार्य उरकलेल्या माणसासारखा. ओट्यावर बसून त्यानं आधी सांगितलं की बाग काढली. वेल मुळासकट उपटले, मांडवाच्या तारा विकल्या. जमीन पडीक आहे, गवतही धड उगवत नाही. अंजनाबाईनं जीभ टाळूला लावून हळहळ केली. बाग नाही म्हणजे खत नाही. तिची नजर न वळवताही पार्वतीच्या बांबूंकडे गेली.

मग नाना म्हणाला की त्याला तीन ट्रक पाहिजेत.

तिला वाटलं, पडीक जमिनीत कुटा ओतून हा वेडा तिला जिवंत करायला निघाला आहे. नानानं ते ओळखलं. गेल्या वर्षीचा ट्रक त्यानं स्वतःच्या बागेत टाकलाच नव्हता. दोघा चुलतभावांना निम्मा निम्मा दिला होता, भांडण मिटल्याची भेट म्हणून. आपली बाग दुष्काळानं गेली, असंच त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या बागांनी एक हंगाम असा जोर धरला की दोघं येऊन पाया पडले. आता दोघांनाही तोच माल पाहिजे होता, दरवर्षी पाहिजे होता, आणि नाना मधे राहून आणून देणार होता.

"गेल्या वर्षीसारखाच पाहिजे," तो म्हणाला. "वास नसलेला."

नानानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुमच्या गुणाजीच्या लग्नाला मी आलो होतो, बाई. मला मोजता येत नाही असं वाटलं तुम्हाला? ती पोर चहा घेऊन बाहेर आली तेव्हाच मला सगळं दिसलं. उठून तुमच्या तोंडात मारणार होतो. मग म्हटलं, जी बाई माझ्यादेखत आपल्या सुनेचा बळी देते आणि डोळा ओला करत नाही, ती माझ्या भावांची काय गय करणार? अशी बाई हातची घालवू नये."

"आनि सून?" अंजनाबाईच्या तोंडून निघून गेलं. "तिला का मंग घालवायला लावलं?"

"तुम्ही नाही म्हणता का, ते बघायचं होतं."

तो हे शांतपणे, बियाण्याचा वाण सांगावा तसं बोलत होता. भावांनी त्याची जमीन मातीमोलानं मागितली होती. त्यांच्या जमिनीची माती व्हायला दहा-बारा वर्षं लागतील, पण त्याला घाई नव्हती. मग तिघांचा भाव सारखा होईल, म्हणाला, आणि भावाभावांत सारखेपणा असावा. अंजनाबाईनं आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती. तिला थोडी भीती वाटली. ती भीती गिळून तिनं विचारलं, ट्रक कधी धाडता?

तीन ट्रक म्हणजे तिप्पट कुटा आणि तिप्पट मीठ. एकटीच्या हातचं ते काम नव्हतं. पाड्यातली बाई लावावी तर ती दुसऱ्या दिवशी विहिरीवर बोलणार. जिच्या नावावर पाप आधीच चढलेलं आहे तिच्याकडून ते करवून घेणं सर्वांत सोयीचं, एवढा हिशेब करून अंजनाबाई स्वतः तरीवर बसली आणि मनोरीला गेली.

प्रेमा बापाच्या अंगणात राखेनं टोप घासत होती. तिनं सासूला बसायला पाट दिला नाही. अंजनाबाई उभ्यानंच बोलली. घर सुनं झालंय, म्हणाली. गुणाजी सुकला आहे.

"जेवतो ना?" प्रेमानं विचारलं.

"जेवतो."

"मंग झालं."

अंजनाबाईनं मग खरं काय ते सांगितलं. तीन ट्रक, नाना, चुलतभाऊ, मीठ. कुणाची जमीन जाणार हेही सांगितलं, कारण काम करणाऱ्याला माल ठाऊक असावा लागतो. प्रेमा टोप घासायची थांबली नाही. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर त्या दोन अनोळखी भावांबद्दल काही उमटेल असं वाटून अंजनाबाई बघत होती. काही उमटलं नाही. वर्षभर माहेरची भांडी घासल्यावर माणसाची दया जरा पातळ होते.

टोप पालथा घालून प्रेमा म्हणाली, "खळं माझ्या हाती. पाटलासमोर सांगायचं, सगळ्या बायांसमोर."

"सून तू माझी. शेवटाला तुझंच हाय ते."

"शेवटाला नको. आता."

"आनि मी?"

"तू बाजारात बस."

अंजनाबाईनं घासाघीस केली. वर्षभर थांब म्हणाली. अर्धं घे म्हणाली. पुढंमागं होणाऱ्या नातवाचं नाव काढलं, देवीचं काढलं, शेवटी रडूनही पाहिलं, आणि रडं खरं निघाल्यावर तिलाच नवल वाटलं. प्रेमानं दुसरा टोप ओढला. परतीची होडी सुटायच्या बेतात होती. नाही म्हटलं तर ट्रक रिकामे येणार, रिकामे परत जाणार, आणि पार्वतीच्या पोरांच्या खांद्यावर बांबू तयार होते. अंजनाबाई हो म्हणाली.

पाटलासमोर ते झालं. बायका ऐकत उभ्या होत्या. पार्वती सर्वांत पुढं होती आणि तिनं प्रेमाच्या कपाळाला स्वतः हळद लावली, कारण शेजार आता हिच्याशी होता.

चैत्र लागायच्या आत तिन्ही ट्रक आले. प्रेमानं कंबर बांधली होती. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळून ती सुपानं मीठ उधळत होती, मधे फावडं लावून परतत होती, मापाडी काटा हलवायला लागला की त्याला दटावत होती. मिठाचं प्रमाण सासूच्या वेळेपेक्षा वाढलं होतं. अंजनाबाईनं तसं म्हणून पाहिलं, तर प्रेमानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. गुणाजी पोती शिवत बसला होता, मान वर न करता, नेहमीसारखा.

अंजनाबाई पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती. अंधेरीच्या रांगेत काल तिला जागा मिळाली नव्हती, आज लवकर जाऊन बघायचं होतं. खळ्यातून रस्त्याकडे जायची वाट ट्रकच्या मागून होती. तिथं ती जराशी थांबली. पोत्यांची थप्पी किती चढली आहे, ते नजरेनं मोजू लागली.

"आय, बाजूला हो," प्रेमा म्हणाली. "गाडी मागं यायचीय."